दम्मामचा क्लीनर आणि मशिदीची चटई

गेल्या शाबानच्या शेवटच्या आठवड्यात गावाहून जमातीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मशिदीतलं धूळ ओढायचं मशीन जळालं होतं आणि रमजान तोंडावर आला होता. भंगारवाला १८० रुपये देत होता. नव्या मशीनसाठी मुंबईच्या मंडळाकडे शब्द टाकला होता. तरी मशीन आमच्या अब्बांनी दिलेलं, म्हणून आधी मला विचारावं, असं त्यांना वाटलं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि दुसरं असं, मशिदीला दिलेली चीज भंगारात घालता येते का, हे पण जरा बघा. वाचणारे तुम्हीच."

एका फोनमध्ये दोन कामं अंगावर आली. एक मोटरीचं, एक मसल्याचं. दोन्हींसाठी जुन्या कागदांत बरंच मागे जावं लागलं.

अब्बा सौदीत दम्मामला होते. १९८७ च्या सुट्टीत त्यांनी हा क्लीनर आणला. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत त्या काळात कुणी आखातातून आलं की टेपरेकॉर्डर, मिक्सर, शिवणयंत्र, घोंगड्या यायच्या. व्हॅक्यूम क्लीनर कुणी आणला नव्हता, आणि आमच्या शेणाने सारवलेल्या पडवीत त्याचा काही उपयोगही नव्हता. अम्मी त्याला 'हत्ती' म्हणायची. बरीच वर्षं तो माळ्यावर पडून होता. २००३ साली मशिदीत चटया काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातला, तेव्हा हत्तीला काम मिळालं. चटई उचलून उन्हात झटकता येते, पण जमिनीला चिकटवलेला गालिचा कोण उचलणार? त्यात आमच्याकडची जांभ्याची तांबडी धूळ. सजद्यातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर ती दिसायची. अब्बांनी मशीन मशिदीला देऊन टाकलं.

गालिचा आणि क्लीनर यांचा हा संबंध मुळापासूनचा आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधीची काही यंत्रं वारा सोडून धूळ उडवायची, ती पुन्हा तिथेच बसायची. असं एक प्रात्यक्षिक बघून बूथला वाटलं की फुंकण्यापेक्षा ओढावं. त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि ठसकला. रुमालाला खालच्या बाजूने धुळीचा गोल डाग पडला होता. कल्पना बरोबर होती.

त्याचं यंत्र मात्र घोडागाडीवरचं धूड होतं. गाडी रस्त्यात उभी राहायची, लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या आणि माणसं गालिचे साफ करून द्यायची. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ केले होते. पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये राहणाऱ्या नौसैनिकांत तापाची साथ पसरली, तेव्हा बूथची १५ यंत्रं नेऊन तिथून २६ टन धूळ काढली गेली, असं नोंदलेलं आहे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. बूथ सुरुवातीला यंत्र विकत नव्हता, सफाई विकत होता. यंत्राबरोबर ते चालवणारा आणि बिघडलं तर उघडणारा माणूस दारात यायचा. गालिच्याच्या मालकिणीला पट्टा, झडप, पंप यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ही जोडी पुढे सैल झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाचा झाडूवाला होता. त्याला दम्याचा त्रास, आणि काम एका मोठ्या दुकानाचे गालिचे झाडण्याचं. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून घरगुती यंत्र बनवलं आणि १९०८ मध्ये पेटंट मिळवलं. ते विल्यम हूवर या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतलं. मोठं नाव हूवरचं झालं, झाडूवाल्याचं मागे राहिलं. हे आपल्याला नवीन नाही. पुढे स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये जमिनीवर आडवा सरकणारा नळकांड्यासारखा क्लीनर काढला. आमचा हत्ती त्याच वंशातला.

आता यंत्र घरात राहायला आलं, पण विकणारा दारात येतच होता. गालिच्यावर धूळ टाकायची आणि ओढून दाखवायची, ही त्याची रीत. आपल्याकडे १९८२ मध्ये फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली, तेव्हा तीच रीत शहरी सोसायट्यांत आली. टाय लावलेला मुलगा आणि गादीतून निघालेली धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको. विकणाऱ्याचा पत्ता ठाऊक असला की पिशवी, पाइप, कार्बन मागायचा रस्ताही ठाऊक असतो.

आमच्या हत्तीला तो रस्ता नव्हता. तो सुटकेससोबत विमानाने आला होता. इथे त्याचा विक्रेता नाही, एजंट नाही, मेकॅनिक नाही. आखातातून आलेल्या सगळ्याच यंत्रांचं असं होतं, आणि म्हणून कोकणातल्या दुरुस्तीवाल्यांचं शिक्षण फार चांगलं झालं. पार्ट नंबर मागून उपयोग नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते माप मागत.

त्यात सौदीची वीज वेगळी. दम्माममध्ये तेव्हा घरात १२७ व्होल्ट आणि ६० सायकल होते, आपल्याकडे २३० आणि ५०. सायकलींचा फरक या मोटरीला बाधत नाही. क्लीनरची मोटर 'युनिव्हर्सल' जातीची असते: फिरणारं आर्मेचर आणि भोवतीची फिल्ड कॉइल एकामागोमाग एकाच वाटेवर जोडलेली, मधे तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे दोन कार्बन. ही मोटर एसीवरही चालते आणि डीसीवरही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका शहरात एक वीज आणि शेजारच्या शहरात दुसरी असायची, तेव्हा घराघरांत यंत्रं विकणाऱ्यांना अशीच मोटर हवी होती. व्होल्ट मात्र तिला सोसतील तेवढेच लागतात. म्हणून जमातीने मशिनीसाठी एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला होता. दोन हातांनी उचलावा लागे इतका जड.

मशीन जळण्याची चूक माझी आहे, हे इथेच लिहून ठेवतो. मूळ वायरीला सौदीतला दोन चपट्या पिनांचा प्लग होता. तो ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमध्ये सैल बसे आणि ठिणग्या पडत. २००९ मध्ये गावी गेलो असताना मी हौसेने तो कापला आणि आपला तीन पिनांचा बसवला. ट्रान्सफॉर्मरलाही तसंच सॉकेट लावलं. सगळ्यांनी वाहवा केली. त्या चपट्या पिना आपल्या भिंतीतल्या गोल भोकांत शिरत नव्हत्या, हेच त्या मशिनीचं संरक्षण होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. यंदा शब-ए-बरातनंतरच्या सफाईत एका पोराने ट्रान्सफॉर्मर बाजूला सरकवला आणि प्लग सरळ भिंतीत घातला. बांगीसाहेब सांगत होते की मशीन विमानासारखं ओरडलं, मग निळा जाळ आणि मग धूर. पोर रडत घरी गेलं. त्याला कुणी बोललं नाही, तरी चार दिवस ते मशिदीकडे फिरकलं नाही. मी गेलो तेव्हा आधी त्याच्या घरी गेलो आणि प्लगची गोष्ट सांगितली.

मशीन उघडलं. मोटरीवरचा पत्र्याचा टोप दाबून बसवलेला असतो, तो स्क्रू ड्रायव्हरने गोलगोल फिरत थोडा थोडा उचकटायचा. आधी मार्करने खूण करावी, नाहीतर बसवताना तो वाकडा बसतो. पंख्याचा नट उलट्या आट्यांचा असू शकतो, म्हणून जोर लावायच्या आधी दोन्हीकडे हलवून बघावं. आर्मेचर काळं पडलं होतं. कम्युटेटरच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या, पण जागेवर होत्या. कार्बन नखाएवढे उरले होते. बेअरिंग कुरकुरत होते. पाइप मानेपाशी चिरलेला, आणि कापडी पिशवीला बोट जाईल एवढं भोक. बेअरिंग कशाने गेले ते त्या भोकाने सांगितलं. अशा साध्या क्लीनरात पिशवीतून गाळलेली हवाच मोटरीतून जाते आणि तिला थंड ठेवते. पिशवी फाटली की तीच हवा जांभ्याची पूड घेऊन जाते.

मोटर घेऊन मुंबईला आलो. लोहार चाळीत एका दुकानदाराने तिला हातात फिरवलं, व्हर्नियरने घेर आणि उंची मोजली आणि आतून एक नवी मोटर आणून ठेवली. घेर अगदी जुळत होता, उंची एक सेंटिमीटर जास्त. "बॉडी बंद होणार नाही," तो स्वतःच म्हणाला आणि मोटर परत आत नेली. त्याने दोन शब्द जास्त बोलून ती माझ्या गळ्यात मारली असती, तर मी घेतली असती. शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर चोर बाजार पाहिला. तिथे जुन्या क्लीनरच्या नळ्या, मुंड्या, चाकं मिळाली, मोटर नाही. १२७ व्होल्टची तर नाहीच.

शेवटी काम झालं चिपळुणात, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडे. मी आधीच तिकडे जायला हवं होतं, कारण मिक्सरची मोटर आणि क्लीनरची मोटर सख्ख्या बहिणी आहेत. मिक्सरचा इतिहासही न मिळणाऱ्या दुरुस्तीतूनच सुरू होतो. मुंबईत सीमेन्समध्ये नोकरी करणाऱ्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन ब्राऊन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला आणि इथे दुरुस्त होईना. तेव्हा त्यांनी आपल्या डाळ-तांदळाला आणि मसाल्याला पुरेल अशी मोटर असलेला 'सुमीत' मिक्सर काढला. ही १९६० च्या दशकातली गोष्ट. त्यानंतर घरोघर मिक्सर झाले, आणि मिक्सर झाले म्हणून तालुक्याच्या गावांत कार्बन बदलणारा आणि आर्मेचर भरणारा माणूस बसला. आमच्या हत्तीसाठी एजंट नव्हता, पण आपल्या चटणीने त्याची सोय आधीच करून ठेवली होती.

काकांनी आर्मेचर बघितलं आणि विचारलं, "भाई, हे परत १२७ चंच भरायचं?"

मी म्हटलं, "मग काय, काका? तसंच होतं ना."

"तसंच होतं म्हणून तर जळालं. २३० चं भरूया. तो धोंडा कशाला पायात ठेवायचा?"

धोंडा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ३६ वर्षं हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. त्यांनी जुनी वायर कापून वेढे मोजले: एका कॉइलमध्ये १८. २३० ला १२७ ने भागलं की साधारण १.८ येतात, म्हणून नवे वेढे ३२. वेढे वाढले की खाचेत जागा तेवढीच राहते, म्हणून वायर बारीक घ्यायची: २५ गेज होती, तिथे २८. करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, त्यामुळे बारीक वायरीवर भार पडत नाही. फिल्ड कॉइल धडधाकट दिसत होती, तरी तीही याच हिशोबाने पुन्हा भरावी लागली. दोन्ही एकाच वाटेवर असतात. एकीला जुनी ठेवून चालत नाही.

वार्निश सुकल्यावर त्यांनी आर्मेचर दोन समांतर पोलादी पात्यांवर ठेवलं. जड बाजू हळूच फिरून खाली येई. समोरच्या हलक्या बाजूला एपॉक्सीचा लहानसा गोळा, मग पुन्हा पात्यांवर. असं सात-आठ वेळा, जिथे ठेवाल तिथे ते थांबेपर्यंत. मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेणाऱ्या मोटरीत गहूभर वजनही बेअरिंग खातं. बेअरिंग हा एकच भाग नंबर सांगून मिळाला: ६०८, आत ८ मिलिमीटर, बाहेर २२, रुंदी ७. जगात कुठेही हाच नंबर आणि हीच मापं. स्केटिंगच्या चाकांतही तेच असतं. बाकी भागांनाही कुणी असे नंबर दिले असते, तर माझे मुंबईचे दोन दिवस वाचले असते.

कार्बन एका मिक्सरचे घेतले, किंचित मोठे. फाइन पॉलिश पेपरवर घासून खाचेत सहज सरकतील इतके केले. मग तोच कागद कम्युटेटरवर गुंडाळून कार्बनच्या टोकाला गोलाई दिली. बेअरिंग, कार्बन आणि टोप बसवून झाल्यावर पहिल्यांदा वीज सिरीज लॅम्पमधून दिली, म्हणजे शॉर्ट असेल तर मोटरीऐवजी बल्ब पूर्ण पेटतो. बल्ब मिणमिणला, मोटर कण्हत फिरली. पुढचा अर्धा तास काकांनी ती कमी व्होल्टवरच फिरत ठेवली, कार्बन बसायला. त्याच वेळात समोरच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "मशिदीचं आहे म्हणता, मग भंगारात का देत होते?"

सेक्रेटरींचा प्रश्न परत समोर आला. वक्फ म्हटलं की सध्या सगळ्यांना जमिनीच आठवतात आणि आवाज चढतात. पण फिकहच्या जुन्या किताबांत किरकोळ वस्तूंची चर्चा भरपूर आहे. हनफींच्या 'हिदाया'त, म्हणजे बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या ग्रंथात, हलवता येणारी वस्तू वक्फ होते का, यावर मतभेद दिले आहेत. इमाम मुहम्मद यांच्या मते ज्या वस्तू वक्फ करण्याची लोकांत रीत आहे, त्या चालतात. आणि उदाहरणं कुऱ्हाड, करवत, जनाजा, भांडी, कुरआनच्या प्रती अशी आहेत. सुताराची हत्यारं आणि कुरआन एकाच यादीत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे कसोटी आणखी सरळ आहे: वस्तू टिकून राहून तिचा फायदा घेता येत असेल, तर ती वक्फ होऊ शकते.

आणि ती खराब झाली तर? तेराव्या शतकात दमास्कसच्या इमाम नववींनी 'मिन्हाज'मध्ये हा प्रश्न मशिदीच्या चटयांबाबत घेतला आहे. चटया जीर्ण झाल्या, तुळया मोडल्या आणि त्या जाळण्यापलीकडे कशाच्याही कामाच्या उरल्या नाहीत, तर जास्त बरोबर मत असं की त्या विकता येतात. मी हे वाचून सेक्रेटरींना कळवलं. ते म्हणाले, "म्हणजे भंगारात देता येतं." मी म्हटलं, आधीची अट वाचा. जाळण्यापलीकडे कामाची नसेल तर. जळालेली मोटर आणि जळणाचं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चटई फाटली तर शिवता येते का हे आधी बघायचं. मी मुफ्ती नाही. म्हणून हेच गावच्या मौलानांपुढे ठेवलं. त्यांनी मशिनीकडे बघितलं आणि विचारलं, "दुरुस्तीला किती?" मी सांगितलं, सगळं मिळून २,१०० रुपये. ते म्हणाले, "मग मला काय विचारता?"

आता कायदेही याच प्रश्नाकडे वळले आहेत. युरोपियन संघाने २०१३ च्या नियमांत ठरवलं की २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या क्लीनरची मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाइप ४०,००० वेळा वाकवूनही वापरता आला पाहिजे. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. आमच्या हत्तीचा हिशोब मात्र मी करून बघितला. २००३ पासून दर गुरुवारी संध्याकाळी तासभर म्हणजे वर्षाला ५२ तास, वीस वर्षांत हजाराच्या वर, तेही दोनदा बदललेल्या मिक्सरच्या कार्बनांवर. तो जळाला तो म्हातारपणाने नाही, माझ्या प्लगमुळे.

पिशवी फुफींनी शिवली. पहिली मांजरपाटाची झाली, पण ती इतकी घट्ट विणीची की दहा मिनिटांत चोंदली आणि मोटरीचा आवाज चढला. दुसरी जुन्या धुवट सुती चादरीची, दुहेरी आणि मोठी. ती चालली. कंपनीची कागदी पिशवी यापेक्षा बारीक धूळ अडवते यात शंका नाही, म्हणून मोटरीच्या तोंडाशी स्पंजचा एक तुकडाही बसवला. पाइपाची चिरलेली मान कापून टाकली आणि उरलेला पाइप उलट्या आट्यांनी कफात फिरवला. तो वीतभर आखूड झाला. बांगीसाहेबांना आता थोडं वाकावं लागतं.

चांदरात व्हायच्या आदल्या दिवशी मशीन परत लागलं. आवाज पूर्वीपेक्षा वेगळा आहे, जरा जाडा. सुरू करायला त्याच पोराला बोलावलं होतं. त्याने प्लग भिंतीपाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तरी त्याने बटण दाबताना डोळे मिटले.

ट्रान्सफॉर्मर आता मेहराबच्या डाव्या बाजूच्या कपाटात आहे. तो जमातीच्या पैशाने घेतलेला, धडधाकट आणि मशिदीला कसल्याही कामाचा नाही. नववींच्या चटईत तो बसत नाही. खालच्या मोहल्ल्यात दोन घरांत सौदीची जुनी यंत्रं अजून पडलेली आहेत, त्यांना तो वापरायला देता येईल का, हे ईदनंतरच्या बैठकीत ठेवायचं ठरलं आहे. देताना त्याचं सॉकेट मात्र मी आधी चपट्या पिनांचं करून देणार आहे.